उपशमाची वाट : कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील सेवेचा महाराष्ट्रातील इतिहास आणि कोल्हापूर जिल्हा

प्रास्ताविक

कर्करोगाचा इतिहास बहुधा शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नवनव्या औषधांच्या यशाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या इतिहासात जो रुग्ण बरा झाला त्याची नोंद होते, जो बरा होणार नाही असे ठरले तो मात्र नोंदवहीबाहेर जातो. 'आता यांना घरी घेऊन जा' हे वाक्य डॉक्टरांनी उच्चारले की वैद्यकाचे काम संपले, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वास्तविक रुग्णाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत कठीण काळ त्या वाक्यानंतर सुरू होतो. या काळातील वेदना, श्वासाचा त्रास, जखमा, भीती आणि आर्थिक ओढाताण यांचा परिहार करण्याच्या शास्त्राला उपशामक सेवा म्हणतात. रुग्णालयांत ती 'पॅलिएटिव्ह केअर' या नावाने ओळखली जाते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील उपशामक सेवेच्या वाटचालीचा मागोवा घेऊन तिचा कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, वेदना कमी करणारे औषध आपल्या देशात पिकत होते, ते कसे द्यावे याचे ज्ञान १९८६ पासून उपलब्ध होते आणि मरणासन्न माणसाची सेवा करण्याची परंपराही समाजात होती. तरीही या तिन्ही गोष्टी रुग्णाच्या खाटेपाशी एकत्र आल्या नाहीत. त्यांच्या आड कायदा, रुग्णालयकेंद्रित रचना आणि अंतर हे तीन अडथळे आले. त्यांपैकी पहिला बराच दूर झाला आहे, उरलेले दोन अद्याप कायम आहेत.

परंपरेतील दोन दृष्टी

प्राचीन भारतीय वैद्यकाने रोगांचे वर्गीकरण करताना साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये 'याप्य' ही एक अवस्था मानली. जो रोग मुळापासून जात नाही, परंतु सततच्या उपचाराने ज्याला आवरून धरता येते तो याप्य. कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरतो, तसे उपचार याप्य रुग्णाला सावरतात, असा दृष्टान्त सुश्रुतसंहितेत आला आहे. उलटपक्षी, असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याला धनाची, विद्येची आणि कीर्तीची हानी सोसावी लागते, असा इशारा चरकसंहिता देते. या दोन दृष्टी एकाच परंपरेत शेजारी शेजारी नांदल्या. पुढील काळातील व्यवहारावर मात्र दुसऱ्या दृष्टीचा पगडा अधिक राहिला, असे म्हणावे लागेल.

धर्मपरंपरेने मृत्यूला सामोरे जाण्याच्या स्वतंत्र वाटा घालून दिल्या. दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभागातील दिगंबर जैन समाजात सल्लेखनेचे व्रत आदराचे स्थान राखून आहे. सीमाभागातील भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी सप्टेंबर १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखनेने देह ठेवला. आचार्य विनोबा भावे यांनीही नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे अखेरच्या आजारात अन्न आणि औषध नाकारले. ही उदाहरणे साधकांची आहेत. वेदनेने तळमळणाऱ्या सामान्य शेतकऱ्याकडून अथवा विडी कामगार स्त्रीकडून तशा निग्रहाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. तथापि मृत्यू हा जीवनाचा स्वाभाविक भाग आहे आणि कोणत्याही किमतीवर तो लांबवणे हेच एकमेव कर्तव्य नव्हे, ही जाणीव आपल्या समाजाला नवी नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

रुग्णालयांचे पर्व

दक्षिण महाराष्ट्रात आधुनिक शस्त्रवैद्यकाचा पाया मिरज येथे घातला गेला. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारले आणि पुढे मिरज हे आसपासच्या संस्थानांतील रुग्णांचे आशास्थान बनले. कोल्हापूर संस्थानचे आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय हे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय होय. सर्वसामान्यांच्या बोलण्यात ते 'सीपीआर' आहे.

कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय मात्र मुंबईत झाले. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यानंतर सर दोराबजी टाटा यांच्या न्यासाने पुढाकार घेतला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. तेव्हापासून 'टाटाला नेले' या दोन शब्दांत महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांचा एक कालखंड सामावलेला आहे. कोल्हापूरच्या रुग्णासाठी त्याचा अर्थ सुमारे ३८० किलोमीटरचा प्रवास, धर्मशाळेतील अथवा पदपथावरील मुक्काम, बुडालेली मजुरी आणि पुष्कळदा गहाण पडलेली जमीन असा होत असे. रुग्णांच्या नातेवाइकांची ही परवड ओळखून संत गाडगे महाराजांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभारली होती. दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण उतरतात.

ग्रामीण भागात कर्करोगाची सेवा नेण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न बार्शी येथे झाला. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात लक्षावधी स्त्रियांना सामावून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी झालेला तपासणी प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर मान्यता पावला. खेड्यातील आरोग्यसेवक, योग्य प्रशिक्षण मिळाल्यास, घरोघरी जाऊन शिस्तबद्ध काम करू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. या निष्कर्षाचे महत्त्व केवळ रोगनिदानापुरते नाही, याचा विचार पुढे केला आहे.

वेदनामुक्तीचा विचार

उपशामक सेवेचा आधुनिक विचार इंग्लंडमध्ये आकाराला आला. परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर अशा तिन्ही भूमिका केलेल्या डेम सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस स्थापन केले. वेदना ही केवळ शारीरिक नसते, तिला मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक बाजूही असतात, हा त्यांच्या 'समग्र वेदना' या कल्पनेचा गाभा होय. मुलीचे लग्न राहिले, कर्ज फिटले नाही, भावाशी अबोला आहे, या गोष्टीही माणसाला रात्रभर जागे ठेवतात आणि अशा रात्री शरीराचे दुखणेही वाढते, हे आपल्याकडील कोणतीही वयस्क गृहिणी सांगू शकेल. साँडर्स यांचे श्रेय असे की, त्यांनी हे शहाणपण वैद्यकाच्या चौकटीत आणले.

महाराष्ट्रात या विचाराचे पहिले मूर्त रूप म्हणजे मुंबईतील वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेला शांती अवेदना आश्रम. भारतातील हे पहिले हॉस्पिस. टाटा रुग्णालयातील शस्त्रवैद्य डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. 'अवेदना' हा शब्दच त्या संस्थेचे ध्येय सांगतो. पुढे गोवा आणि दिल्ली येथेही तिच्या शाखा झाल्या. टाटा रुग्णालयात १९९६ मध्ये उपशामक सेवेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुण्यातील वारजे येथे १९९७ मध्ये सिप्ला प्रतिष्ठानने उपशामक सेवा केंद्र उभारले. तेथे रुग्णासोबत घरचे माणूस राहते आणि जखम कशी धुवावी, नळीतून अन्न कसे द्यावे, औषधाच्या वेळा कशा पाळाव्यात हे शिकून घरी परतते. केंद्र रुग्णाला कायमचे ठेवून घेण्यापेक्षा घराला सेवेसाठी सज्ज करते, हा या पद्धतीचा विशेष होय.

१९८६ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती प्रसिद्ध केली. सौम्य वेदनेसाठी पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्यांनी भागले नाही तर कोडीनसारखे सौम्य अफूजन्य औषध आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन, अशी तिची रचना आहे. औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे आणि वेदना उठण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे, हे तिचे दोन मुख्य नियम. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते. सोबत बद्धकोष्ठतेचे औषध दिले आणि मात्रा हळूहळू वाढवली तर ती घरच्या घरी सुरक्षितपणे देता येते. या पद्धतीला मोठे यंत्र लागत नाही, शस्त्रक्रियागृह लागत नाही. गोळी मात्र लागते. नेमकी तीच महाराष्ट्रात आणि देशात मिळेनाशी झाली होती.

अफू, मॉर्फिन आणि कायदा

अफूशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. माळव्यातील अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जात असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्यांच्याच देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८४५ मध्ये मुंबईत सुरू झाले. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत. अफूची ओळख अशी घरोघर होती आणि तिच्या व्यसनाची धास्तीही तितकीच खोल रुजलेली होती. भारत आजही औषधी उपयोगासाठी कायदेशीरपणे अफू पिकवणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक असून गाझीपूर आणि नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते.

अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये एनडीपीएस या नावाने ओळखला जाणारा केंद्रीय कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तो लागू झाला. गंभीर गुन्ह्यांसाठी किमान १० वर्षांची शिक्षा ठेवण्यात आली. नंतरच्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीसाठी सक्तीच्या फाशीचीही तरतूद झाली. ही सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली. औषधी वापराला कायद्याने बंदी नव्हती, परंतु मॉर्फिन बाळगण्यासाठी रुग्णालयाला निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने घ्यावे लागत आणि ते सर्व एकाच वेळी वैध असावे लागत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साठा आणायचा तर दोन्हीकडची परवानगी आवश्यक असे. लिपिकीय चूकही फौजदारी गुन्हा ठरू शकते, या भीतीने औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच थांबवले. परिणामी देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला आणि १९९७ मध्ये तो अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला.

वेदनामुक्तीची जागतिक पद्धती आणि देशातील पहिले हॉस्पिस ज्या काळात पुढे आले, त्याच काळात औषधाचा दरवाजा बंद झाला. याचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी ठरला. डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीने मॉर्फिनची गोळी न पाहताच शिक्षण पूर्ण केले. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना सोप्या नियमांचा नमुना पाठवला, परंतु बहुतेक राज्यांत तो कागदावरच राहिला. अखेरीस २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांचा त्यात समावेश झाला आणि २०१५ च्या नियमांनी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच यंत्रणेची मान्यता पुरेशी ठरली. कायदा बदलला, तरी गेलेली सवय आणि बसलेली भीती अधिनियमाने परत फिरत नाही. 'मॉर्फिन म्हणजे शेवट' अथवा 'मॉर्फिनने व्यसन लागेल' ही समजूत आजही रुग्णाच्या घरी आणि दवाखान्यातही भेटते.

केरळचा धडा आणि महाराष्ट्राचे धोरण

कोळिकोड येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदना व उपशामक सेवा संस्था सुरू केली. एका बाह्यरुग्ण विभागाने भागणार नाही, हे लवकरच ध्यानात आले. त्यातून मलप्पुरम आणि परिसरात शेजारधर्मावर आधारलेली जाळी विणली गेली. गावातील स्वयंसेवक रुग्ण शोधतात, लोकांच्या लहान लहान वर्गणीतून खर्च निघतो, प्रशिक्षित परिचारिका घरोघर जाते आणि डॉक्टर आवश्यक तेथे येतो. केरळ सरकारने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात स्थान दिले.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये असे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला गेला आणि टाटा रुग्णालयात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आणि २०१८ पासूनच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या योजनेने उपशामक सेवा प्राथमिक आरोग्याच्या कक्षेत आणली. कागदावरील हा क्रम समाधानकारक आहे. प्रत्यक्षात आरोग्यविम्याच्या सरकारी योजनांची रचना रुग्णालयात दाखल करून करायच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार यांच्याभोवतीच राहिली. 'मृत्यूची गुणवत्ता' मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकात भारताचा क्रमांक २०१० मध्ये ४० देशांत ४० वा आणि २०१५ मध्ये ८० देशांत ६७ वा होता.

सन्मानाचा प्रश्न

उपशामक सेवा आणि दयामरण यांची गल्लत वारंवार होते. पहिली मृत्यू घडवून आणत नाही आणि तो हट्टाने लांबवतही नाही. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत सन्माननीय मृत्यूच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम उपचार थांबवण्याचा मार्ग अटींसह मोकळा केला. ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्कात समाविष्ट मानून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ झाली आणि असे इच्छापत्र नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येऊ लागले. सल्लेखनेचा प्रश्नही न्यायालयात गेला. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला गुन्हा ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निर्णयाला स्थगिती दिली.

हे निर्णय मोलाचे आहेत. परंतु ज्याच्या घरी वेदनाशामक गोळीच पोहोचलेली नाही त्याच्या 'मला आता नको' या उद्गाराला स्वतंत्र इच्छा मानता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मुळाशी उरतो. असह्य वेदनेतून आलेली मृत्यूची मागणी ही पुष्कळदा वेदना थांबवण्याची मागणी असते. म्हणून निवडीच्या हक्काआधी वेदनामुक्तीचा हक्क यावयास हवा.

कोल्हापूर जिल्ह्यातील परिस्थिती

भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रक्रमावर आहे आणि तंबाखू हे त्याचे प्रमुख कारण होय. कोल्हापूरच्या सीमेलगतचे निपाणी हे विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये बंदी घातली, तथापि तंबाखू-चुन्याची डबी अनेकांच्या खिशात कायम आहे. तोंडाच्या कर्करोगाचा अखेरचा काळ विशेष कठीण असतो. तोंड उघडत नाही, घास उतरत नाही, गालावर वाहती जखम होते आणि तिच्या दुर्गंधीने माणूस घरातच वाळीत पडल्यासारखा होतो. ही दुर्गंधी मेट्रोनिडॅझोल या स्वस्त औषधाची पूड जखमेवर लावून पुष्कळ कमी करता येते, नाकातील नळीतून अन्न देता येते आणि मॉर्फिनची साधी गोळी विरघळवून त्याच वाटेने देता येते. नातवंडाला पुन्हा आजोबांच्या उशाशी बसता येणे, हा अशा वेळी वैद्यकाचा मोठाच विजय मानला पाहिजे. त्यासाठी लागणारे ज्ञान एका परिचारिकेला शिकवता येण्याजोगे आहे.

प्रश्न अंतराचा आहे. जिल्ह्यात १२ तालुके असून शिरोळची सपाट ऊसशेती आणि गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड यांचा डोंगराळ भाग यांत मोठी तफावत आहे. मोठी रुग्णालये कोल्हापूर शहर आणि मिरज-सांगली परिसरात एकवटलेली आहेत. चंदगडच्या रुग्णाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते, परंतु तेथे राज्य बदलते आणि त्याबरोबर योजना, कागदपत्रे व पाठपुरावाही बदलतो. उठून बसू न शकणाऱ्या माणसाला दर पंधरवड्याला औषधासाठी शहरात आणणे अशक्यच असते. परिणामी सेवेचा भार घरातील स्त्रीवर पडतो. पत्नी, सून अथवा मुलगी रात्रंदिवस शुश्रूषा करते, तिची मजुरी बुडते आणि तिला विचारण्यासाठी कोणी नसते.

दुसरा प्रश्न मौनाचा आहे. 'त्यांना काही सांगू नका' ही विनंती नातेवाईक प्रेमापोटीच करतात. रुग्णाला बहुधा सर्व कळलेले असते आणि तोही घरच्यांसाठी न कळल्याचे सोंग करतो. त्यामुळे शेतीच्या वाटण्या, देणी-घेणी, अखेरच्या भेटी आणि क्षमायाचना राहून जातात. कठीण बातमी कशी व किती सांगावी, हे उपशामक सेवेतील प्रशिक्षणाचे महत्त्वाचे अंग आहे.

या जिल्ह्याकडे एक दुर्मीळ भांडवल मात्र आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेला जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, साखर कारखाने, विकास सेवा संस्था, महिला बचत गट आणि तालीम मंडळे यांचे जाळे गावागावांत पसरलेले आहे. दुधाचे संकलन दिवसातून दोन वेळा होते. आडवळणाच्या वाडीवरचे दूध वेळेत शहरात येते, तर औषध आणि परिचारिका उलट दिशेने त्याच वाटेने का जाऊ नये? केरळमध्ये शेजारधर्माची जाळी नव्याने विणावी लागली. येथे सहकाराने ती आधीच विणून ठेवली आहे. आशा कार्यकर्तीने रुग्ण शोधावा, आरोग्यवर्धिनी केंद्रातील प्रशिक्षित परिचारिकेने आठवड्याला घरभेट द्यावी, उपजिल्हा रुग्णालयाने मान्यताप्राप्त संस्था म्हणून मॉर्फिन ठेवावे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने मार्गदर्शन करावे आणि गावच्या संस्थेने वाहन व शुश्रूषेच्या साहित्याचा खर्च उचलावा, अशी साखळी जोडणे अवघड नाही. बार्शीच्या अनुभवाने ग्रामीण आरोग्यसेवकांची क्षमता यापूर्वीच सिद्ध केली आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, महाराष्ट्रातील उपशामक सेवेचा आरंभ देशात सर्वांत आधी झाला, परंतु ती प्रामुख्याने मुंबई-पुण्यातील संस्थांच्या आवारात राहिली. दुसरा, १९८५ च्या कायद्याच्या अंमलबजावणीने गुन्हेगारापेक्षा रुग्णाला अधिक दूर ठेवले. २०१४ च्या दुरुस्तीने ती चूक बव्हंशी सुधारली, तरी तिचा मनावरील परिणाम प्रशिक्षणानेच पुसला जाईल. तिसरा, न्यायालयांनी दिलेला सन्मानाने मरण्याचा हक्क, वेदनामुक्तीची सोय नसेल तर अपुरा ठरतो. चौथा, कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात नवी इमारत उभारण्यापेक्षा असलेल्या संस्थांना परस्परांशी जोडणे अधिक निकडीचे आहे.

सुश्रुतांनी सांगितलेला टेकू घर पडल्यावर उपयोगाचा नसतो, तो वेळेत आणि योग्य जागी लावावा लागतो. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील माणसाच्या बाबतीत ती जागा म्हणजे त्याचे स्वतःचे घर होय. तेथे गोळी, परिचारिका आणि शेजारी ही तिन्ही वेळेवर पोहोचतील, तेव्हाच या वाटचालीचा पुढचा टप्पा सुरू झाला असे म्हणता येईल.